अर्धविरामामागचा माणूस

गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या दोन दिवस आधी, रात्री अडीच वाजता मी रूमवर बसून लिनक्सच्या टर्मिनलवर एक ओळ टाइप केली. ओळीत दोनच कमांड. पहिली म्हणजे, बिल्ड नावाच्या फोल्डरमध्ये जा. दुसरी म्हणजे, तिथे असेल नसेल ते सगळं उडवून टाक. दोन्हींच्या मध्ये एक अर्धविराम. झोपेत फोल्डरचं स्पेलिंग चुकलं. असा फोल्डरच नाही, असं शेलने मला प्रामाणिकपणे कळवलं आणि मग तेवढ्याच प्रामाणिकपणे दुसरी कमांड चालवली. पण कुठे? तर मी जिथे होते तिथेच, म्हणजे माझ्या होम डिरेक्टरीत. मिनी प्रोजेक्ट, जर्नलचे प्रोग्रॅम, रिपोर्ट... सगळं दोन सेकंदांत साफ!

सकाळी रडवेल्या चेहऱ्याने लॅबमध्ये गेले. सरांनी लेक्चर झाडलं नाही. फळ्यावर नुसती दोन चिन्हं काढली, ; आणि &&. पहिल्याचा अर्थ, हे झालं की ते कर, मग हे जमलेलं असो वा नसो. दुसऱ्याचा अर्थ, हे जमलं तरच ते कर. फरक तेवढाच. मग त्यांनी सांगितलं की ज्यांनी ही सिस्टिम बनवली त्यांचीही सुरुवातीला अशीच फजिती झाली होती, आणि त्यांच्यातल्या एकाने ती स्वतःहून लिहून ठेवली आहे. ते एक म्हणजे डेनिस रिची.

आपल्यासाठी रिची म्हणजे सी भाषेचे जनक, ऑब्जेक्टिव्हमधला एक मार्क. फर्स्ट इयरला रट्टा मारला की विषय संपला. मलाही तेवढंच माहीत होतं. पुढचं सगळं फायली उडाल्यावर वाचलं.

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉंक्सव्हिल गावचा. वडील अ‍ॅलिस्टेअर रिची हे बेल लॅब्जमध्ये नोकरीला. टेलिफोन एक्स्चेंजमधली स्विचिंग सर्किट्स हा त्यांचा विषय, त्यावर १९५१ साली आलेल्या एका पुस्तकाचे ते सहलेखक. म्हणजे लॉजिक घरातच होतं. पुढे कुटुंब न्यू जर्सीतल्या समिट गावी राहायला गेलं. बेल लॅब्जचं मरे हिल इथलं मोठं केंद्र तिथून अगदी जवळ. डेनिस शाळेनंतर हार्वर्डला गेले, १९६३ साली फिजिक्सची पदवी घेतली आणि तिथेच अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये डॉक्टरेटसाठी राहिले.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण हा भाग आपल्या हॉस्टेलवर कुणाला पटणार नाही. रिचींनी थिसिस लिहिला. विषय असा, की प्रोग्रॅममध्ये लूपच्या आत लूप किती खोल गेले आहेत, यावरून तो प्रोग्रॅम किती अवघड गणना करू शकेल हे ठरवता येतं का. काम उत्तम होतं. त्याच विषयावर अल्बर्ट मेयर या मित्राबरोबर त्यांचा एक पेपर १९६७ सालीच आलेला होता. १९६८ मध्ये थिसिस टाइप होऊन तयार होता. राहिलं होतं काय, तर बाइंड केलेली एक प्रत युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जमा करणं. मेयर यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी, की बाइंडिंगला बऱ्यापैकी पैसे पडत होते, आणि ते आपण का भरायचे असं रिचींना वाटलं. त्यांनी प्रत दिलीच नाही. पदवी मिळालीच नाही. आपल्याकडे एका मार्कासाठी रिव्हॅल्युएशनचे फॉर्म भरतात आणि इथे एक माणूस पूर्ण झालेली पीएच.डी. टेबलावर ठेवून निघून गेला!

खरं कारण फक्त पैसे असेल असं मला वाटत नाही. रिचींनी स्वतःबद्दल लिहिताना गमतीत म्हटलं आहे, की हार्वर्डच्या पदवीच्या वर्षांनी त्यांना पटवलं की फिजिक्ससाठी आपली बुद्धी पुरेशी नाही, आणि नंतरच्या वर्षांनी पटवलं की अल्गोरिदमच्या थिअरीसाठीही नाही. हा अर्थातच विनय. पण १९६७ पासून ते बेल लॅब्जमध्ये जात होते आणि जीव तिकडे गुंतला होता, हे नक्की.

तिथे तेव्हा मल्टिक्स नावाचा प्रचंड प्रकल्प चालू होता. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज मिळून एक अशी सिस्टिम बनवत होते, की शेकडो लोक एकाच कॉम्प्युटरवर एकाच वेळी बसतील. प्रकल्प लांबत गेला, खर्च वाढत गेला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतलं. वरिष्ठांना ऑपरेटिंग सिस्टिम हा शब्दसुद्धा नकोसा झाला. रिची, केन थॉम्प्सन आणि त्यांच्या सोबत्यांच्या हातातलं एक चांगलं, सगळ्यांना एकत्र काम करता येईल असं वातावरण मात्र गेलं. त्यांनी नवीन मशीनसाठी अर्ज केले, नकार आले. शेवटी थॉम्प्सन यांना कोपऱ्यात पडून असलेलं एक पीडीपी-७ सापडलं, आणि त्यावर त्यांनी अंतराळप्रवासाचा एक गेम लिहिला. मदतीला रिची होतेच. गेमनंतर त्याच मशीनवर स्वतःची छोटी सिस्टिम उभी करायला घेतली. फाइल सिस्टिमचा आराखडा थॉम्प्सन, रिची आणि रड कॅनडे यांनी मिळून फळ्यावर आणि कागदांवर काढला. १९६९ च्या उन्हाळ्यात थॉम्प्सन यांची पत्नी तान्ह्या बाळाला घेऊन काही आठवडे माहेरी, सॉरी, कॅलिफोर्नियाला सासरच्यांना भेटायला गेली, आणि तेवढ्या सुट्टीत कर्नल, शेल, एडिटर आणि असेंब्लर असा संसार उभा राहिला. मल्टिक्स या नावाची खोडी काढून ब्रायन कर्निघन यांनी त्याला युनिक्स म्हटलं.

तर शेल लिहिलं थॉम्प्सन यांनी, हे आधी स्पष्ट करते. रिचींनी सगळं श्रेय त्यांना दिलेलं आहे. पण ओळीत एकापुढे एक कमांड लिहिल्यावर प्रत्यक्षात काय घडतं आणि सुरुवातीला काय काय बिघडलं, याची नीट हकिगत मिळते ती रिचींनी १९७९ मध्ये युनिक्सच्या वाटचालीवर लिहिलेल्या लेखात. तो लेख मी दोनदा वाचला. एरवी मोठी माणसं आठवणी लिहितात त्यात आपलं कसं बरोबर होतं तेच असतं. इथे उलट आहे.

अगदी पहिल्या युनिक्समध्ये एका टर्मिनलला एकच प्रोसेस असायची. तुम्ही कमांड दिली की शेल स्वतःच्याच जागेवर ती कमांड आणून बसवायचं, म्हणजे स्वतः पुसलं जायचं. कमांड संपली की शेल पुन्हा डिस्कवरून वाचून यायचं. काम भागत होतं. मग फोर्क आलं. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची हुबेहूब दुसरी प्रत काढायची. आता शेलने आपली प्रत काढायची, त्या पिल्लाने कमांड चालवायची, आणि आईने ते संपेपर्यंत थांबायचं. कल्पना बर्कलीच्या एका सिस्टिममधून घेतलेली. पीडीपी-७ वर त्यासाठी असेंब्लीच्या मोजून २७ ओळी लागल्या, असा आकडाच रिचींनी दिला आहे. आपण ओएसच्या पेपरात फोर्कवर दोन पानं लिहितो!

आणि फोर्क येताच डिरेक्टरी बदलण्याची कमांड बंद पडली. काल चालत होती, आज चालेना. एररही नाही. कमांड द्यायची, ती गुपचूप संपायची आणि तुम्ही होता तिथेच. सगळ्यांनी कोड पुनःपुन्हा वाचला, फोर्कमुळे हे कसं बिघडेल यावर डोकी खाजवली. नंतर उलगडलं. डिरेक्टरी बदलत होती, पण पिल्लाची! पिल्लू नव्या डिरेक्टरीत जायचं आणि तिथेच मरायचं. आई जागची हललेलीच नसायची. रूममेटला वरच्या मजल्यावर पाठवलं म्हणून आपण वर पोचत नाही, तसंच. उपाय एकच होता, ही कमांड वेगळा प्रोग्रॅम न ठेवता शेलच्या पोटातच घालायची. आजही सीडी ही शेलची अंगची कमांड आहे, ती यामुळे. लॅबच्या ओरलला हा प्रश्न येतो आणि उत्तर कुणाला येत नाही, म्हणून सविस्तर लिहिलं.

दुसरी फजिती मला जास्त आवडली. एका फाइलमध्ये दोन कमांड लिहा. पहिली फायलींची यादी देणारी, दुसरी कोण कोण लॉगिन आहे ते सांगणारी. ती फाइल शेलला चालवायला द्या आणि सगळं आउटपुट एका तिसऱ्या फाइलमध्ये वळवा. अपेक्षा काय? आधी यादी, तिच्याखाली नावं. प्रत्यक्षात नावांनी यादीच खाऊन टाकली. कारण फाइलमध्ये कुठपर्यंत लिहून झालं याची खूण प्रत्येक प्रोसेस स्वतःजवळ ठेवायची. शेलने स्वतः काही लिहिलंच नव्हतं, त्यामुळे त्याची खूण शून्यावर. त्याने पहिल्या पिल्लाला शून्याची खूण दिली, ते लिहून मेलं. दुसऱ्यालाही तीच शून्याची खूण दिली, ते पहिल्याच्या डोक्यावर लिहीत सुटलं. समजा एक जर्नल चौघांत आहे आणि कुठल्या पानापर्यंत झालं ते प्रत्येक जण आपापल्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहितो, तर काय होईल? चौघंही पान एकपासून सुरू करतील. उपाय म्हणजे खूण खिशात न ठेवता जर्नलमध्येच ठेवायची. युनिक्समध्येही तेच झालं. उघड्या फायलींच्या खुणा प्रोसेसमधून काढून सिस्टिमच्या एका सामायिक तक्त्यात ठेवल्या. मग दुसरी कमांड पहिली जिथे थांबली तिथून पुढे लिहू लागली.

आपण आज कंसात दोन कमांड अर्धविरामाने जोडतो, पुढे > टाकून एका फाइलचं नाव देतो आणि दोन्हींचं आउटपुट ओळीने येईल असं गृहीतच धरतो. ते गृहीत धरता येतं, कारण कुणीतरी १९७० च्या आसपास वैतागून तो तक्ता बनवला. रिची आणि थॉम्प्सन यांनी जुलै १९७४ मध्ये युनिक्सवर जो गाजलेला पेपर छापला, त्यात कंसातल्या कमांडचा असा वापर अगदी रोजची गोष्ट म्हणून आलेला आहे.

मध्यंतरी मशीन बदललं होतं. लॅबच्या पेटंट विभागाला टायपिंगची सोय करून देतो, या बोलीवर १९७० मध्ये नवं पीडीपी-११ मिळालं. मशीन आलं पण डिस्क आली नाही, त्यामुळे तीन महिने त्या बिचाऱ्याने बुद्धिबळातल्या घोड्याच्या चाली मोजल्या. डिस्क आल्यावर युनिक्स चालू झालं ते २४ किलोबाइट मेमरीत, त्यातले १६ सिस्टिमला आणि ८ तुम्हा-आम्हाला. आपला एक फोटोसुद्धा यात मावणार नाही. पाइपची गोष्टही याच दिवसांतली. एका कमांडचं आउटपुट थेट दुसरीच्या तोंडात घालायचं, हा हट्ट डग मॅकिलरॉय यांचा. ते वर्षानुवर्षं मागे लागले होते. १९७२-७३ च्या सुमारास थॉम्प्सन यांनी ते करून दिलं. सुरुवातीला त्यालाही > हेच चिन्ह होतं, गोंधळ व्हायला लागल्यावर उभी रेघ आली.

रिचींचं स्वतःचं मुख्य काम म्हणजे सी. थॉम्प्सन यांची बी नावाची भाषा होती. तिच्यात डेटाचे प्रकारच नव्हते. रिचींनी १९७१ पासून तिला प्रकार दिले, नवा कंपायलर लिहिला. १९७२ मध्ये थॉम्प्सन यांनी या भाषेत कर्नल लिहून बघितलं आणि सोडून दिलं, कारण स्ट्रक्चर नव्हतं. रिचींनी स्ट्रक्चर घातलं, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात दोघांनी मिळून पूर्ण कर्नल सीमध्ये उतरवलं. ऑपरेटिंग सिस्टिम असेंब्लीतच लिहायची असते, या समजुतीला तेव्हा खरा धक्का बसला.

माझ्या && ची जन्मकथाही इथेच आहे. बीमध्ये & हे एकच चिन्ह दोन कामं करायचं. बिटा-बिटांचं गणितही तेच, आणि अटी जोडायच्या असतील तेव्हाही तेच. शिकवताना फार घोळ व्हायचा. अ‍ॅलन स्नायडर यांच्या सांगण्यावरून रिचींनी अटींसाठी && हे वेगळं चिन्ह केलं. डावीकडची अट खोटी ठरली की उजवीकडे बघायचंच नाही, हा अर्थ त्यात पक्का झाला. पण तोपर्यंत लिहिलेला जुना कोड मोडू नये म्हणून एकट्या & चा अग्रक्रम पूर्वीचाच, म्हणजे == च्या खालचा ठेवला. त्याचा परिणाम आपण भोगतो. फ्लॅग & मास्क == ० असं लिहिलं तर आधी मास्क शून्याशी ताडला जातो आणि मग बाकीचं. कंस विसरला की मेलात. हा अग्रक्रम तेव्हाच बदलायला हवा होता, हे रिचींनी सीच्या इतिहासावरच्या १९९३ च्या लेखात सरळ कबूल केलं आहे. तेव्हा सी वापरणारी ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी होती. ती मोडू नयेत म्हणून केलेली सोय आता जगभरच्या कंपायलरमध्ये बसली आहे.

शेलमध्ये && आणि || आणले ते स्टीव्ह बोर्न यांनी, १९७९ च्या सातव्या आवृत्तीतल्या शेलमध्ये. तिथे एक गंमत आहे. सीमध्ये शून्य म्हणजे खोटं. शेलमध्ये मात्र शून्य म्हणजे कमांड यशस्वी. उलटं वाटतं, पण विचार केला तर पटतं. काम जमण्याची तऱ्हा एकच असते, फसण्याच्या शंभर. म्हणून जमलं तर शून्य, फसलं तर ज्या त्या कारणाचा वेगळा आकडा. कमांड मरताना हा आकडा मागे ठेवून जाते, आई तो उचलते, आणि && असेल तर बघते. अर्धविराम असेल तर उचलते आणि बाजूला ठेवते. माझ्या त्या रात्री आकडा आलेला होता, मीच तो बघायला सांगितलं नव्हतं.

१९७८ मध्ये कर्निघन आणि रिची यांचं सीवरचं पुस्तक आलं. आपल्या लायब्ररीत दुसऱ्या, म्हणजे १९८८ च्या आवृत्तीच्या प्रती आहेत, कव्हर सुटलेल्या आणि शेलोटेपने चिकटवलेल्या. पहिली प्रकरणं गोड आहेत ती कर्निघन यांची. मागचं संदर्भाचं परिशिष्ट, जिथे एक शब्द जास्त नाही आणि एक कमी नाही, ते रिचींचं. यापुढे मानसन्मान येत राहिले. थॉम्प्सन यांच्यासह १९८३ चं ट्युरिंग अवॉर्ड, १९९८ सालचं अमेरिकेचं टेक्नॉलॉजीचं राष्ट्रीय पदक, जे अध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते मिळालं, आणि २०११ चं जपान प्राइझ.

माणूस म्हणून ते अबोल. दाढी, जुना स्वेटर, दुपारी जेवणाच्या सुमाराला ऑफिसात हजर, आणि घरी गेल्यावर रात्री उशिरापर्यंत टर्मिनलवर. (म्हणजे आपल्या हॉस्टेलचंच टाइमटेबल.) लग्न केलं नाही. पण घुमे नव्हते. १९८९ मध्ये पेन आणि टेलर या जादूगारांना हाताशी धरून त्यांनी आणि रॉब पाइक यांनी आपल्या नोबेलविजेत्या साहेबांची, आर्नो पेन्झियास यांची, कॅमेऱ्यासमोर मस्त फिरकी घेतली होती. युनिक्सवर समाधान मानून ते बसले नाहीत, प्लॅन नाइन आणि इन्फर्नो या नव्या सिस्टिमच्या कामात सोबत राहिले. २००७ मध्ये निवृत्त झाले. सगळी नोकरी एकाच लॅबमध्ये.

५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्ज गेले. जगभर पहिली पानं, मेणबत्त्या, दुकानांसमोर फुलं. १२ ऑक्टोबरला न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्सच्या घरी रिची मृतावस्थेत सापडले. एकटेच राहत होते, काही वर्षं तब्येत बरी नव्हती. वय ७०. बातमी रॉब पाइक यांनी कळवली तेव्हा बाहेर समजली, आणि समजली तीही आपल्यासारख्यांना. जॉब्ज यांच्या फोनच्या आत युनिक्सचंच घराणं होतं आणि ते बरंचसं सीमध्ये लिहिलेलं होतं, हे त्या आठवड्यात थोड्यांनीच सांगितलं. याचा मला राग येतो, पण रिचींना आला असता असं वाटत नाही.

थिसिसचं पुढे काय झालं, ते राहिलंच. हार्वर्डकडे प्रत नव्हतीच. मृत्यूनंतर बहिणीने शोधाशोध केली, एक प्रत मिळाली, आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने ती सगळ्यांना वाचायला खुली केली. बावन्न वर्षांनी सबमिशन! मी चाळून बघितला. पहिली काही पानं समजली, पुढे लूपमध्ये अडकले.

आणि माझा मिनी प्रोजेक्ट. सरांनी चार दिवस वाढवून दिले. पार्टनरच्या पेन ड्राइव्हवर एक जुनी आवृत्ती निघाली, बाकीचं पुन्हा लिहिलं. बिल्डच्या ओळीत आता && आहे. रिपोर्ट गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेला, त्याने स्पायरल बाइंडिंगचे चाळीस रुपये सांगितले. मी निमूटपणे दिले.